स्वस्त प्रतीतली ‘नॉटिलस’ : सात महिन्यांच्या वाचनानंतर

मे महिन्यात एका दुपारी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ची इंग्रजी प्रत उघडली आणि कण्यातला डिंक तडकून पहिल्या भागाची शेवटची चाळीसेक पाने सुटी होऊन हातात आली. आमच्या रावेर तालुक्यात त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त. पण उन्हाळा इथे दरवर्षीच येतो आणि माझ्याकडची तीस वर्षांपूर्वीची पुस्तके अजून शाबूत आहेत. विक्रेत्याला फोटो पाठवले. परतीची मुदत संपली आहे आणि पाने फाटलेली नसून केवळ सुटली आहेत, असे उत्तर आले. तीनदा लिहूनही तेच उत्तर मिळाले. प्रत १६० रुपयांची होती; मात्र १६० रुपये घेणाऱ्याने निदान एक उन्हाळा टिकेल असा डिंक लावावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

ज्यूल व्हर्नच्या या कादंबरीची कथा बहुतेकांना ठाऊक असते. प्राध्यापक आरोनाक्स, त्यांचा सेवक कोन्सेय आणि कॅनडाचा हार्पूनवाला, म्हणजे भाला फेकून देवमासे मारणारा, नेड लँड हे तिघे समुद्री राक्षसाच्या शोधात निघतात, आणि तो राक्षस म्हणजे कॅप्टन नेमोची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी निघते. लहानपणी मराठी रूपांतरातून व्हर्न वाचला होता. मागच्या नोव्हेंबरमध्ये भाचा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला गेला तेव्हा त्याच्यासोबत संपूर्ण कादंबरी वाचावी म्हणून ही इंग्रजी प्रत मागवली. दर रविवारी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर एक प्रकरण, असा क्रम ठरला. गावच्या वाचनालयातले एक निवृत्त गुरुजी आणि आमच्याकडे वाइंडिंगचे काम करणारे काका हेही येऊन बसू लागले.

पहिल्या भागातल्या तेराव्या प्रकरणात नेमो आपल्या जहाजाचे आकडे सांगतो. माझे पोट सबमर्सिबल मोटारींच्या दुरुस्तीवर चालते. केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या बोअरवेल इथे वर्षागणिक खोल जात आहेत, आणि चेन पुलीने शेकडो फूट कॉलम पाइप वर ओढून जळालेली मोटार बाहेर काढणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे हे प्रकरण मी फार उत्सुकतेने वाचायला घेतले. लांबी २३२ फूट, रुंदी २६ फूट, वजन सुमारे १५०० टन, इथपर्यंत सारे ठीक होते. पुढे माझ्या प्रतीत लिहिले होते की दुहेरी कवचाच्या पोलादाची घनता पाण्याच्या ०.०७ ते ०.०८ पट आहे. म्हणजे एक घनमीटर पोलादाचे वजन फक्त ७० ते ८० किलो. प्रत्यक्षात ते सुमारे ७८०० किलो भरते. बाटलीचे बूचही या पोलादापेक्षा तिप्पट जड असते. मी ते वाक्य मराठीत सांगितले तेव्हा काका एवढेच म्हणाले, “हाई कसं व्हई?”

त्या एका आकड्याने माझे वाचन बिघडवले, हे मान्य केले पाहिजे. इतक्या हलक्या पोलादाचे जहाज टाक्या पाण्याने भरल्या तरी बुडणार नाही, आणि पाणबुडीची सगळी गोष्ट तर बुडण्यावरच उभी आहे. शिवाय आकारमान १५०० घन यार्ड, आणि तेच जहाज पूर्ण बुडाल्यावर ५० हजार घनफूट पाणी बाजूला सारते, असेही छापले होते. १५०० घन यार्डांचे ४०,५०० घनफूट होतात. उरलेले साडेनऊ हजार घनफूट कुठून आले? भाच्याने कॅल्क्युलेटरवर दोनदा पडताळून पाहिले. तेव्हापासून मे महिन्यापर्यंत मी वाचनालयात भेटेल त्याला सांगत होतो की व्हर्नची कल्पनाशक्ती अफाट आहे, पण त्याचे गणित कच्चे आहे. हे मत मी आता पूर्णपणे मागे घेतो, आणि हा अनुभव लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

सुटलेल्या पानांपैकी दोन पाने पंख्याच्या वाऱ्याने उडून कुठेतरी गेली. ती भरून काढण्यासाठी भाच्याने प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारा मजकूर मोबाइलवर उतरवून घेतला. तिथे या कादंबरीचे एकाहून अधिक अनुवाद आहेत आणि योगायोगाने त्याने एफ. पी. वॉल्टर यांचा उघडला. हरवलेली दोन पाने शोधता शोधता लक्षात आले की आमच्या प्रतीतली वाक्ये आणि ही वाक्ये जुळतच नाहीत, आणि इथे मजकूर कितीतरी जास्त आहे. मी सर्वांत आधी तेरावे प्रकरण काढले. तिथे पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट आहे, असे स्वच्छ लिहिले होते. आकारमानही यार्डांत नव्हे, तर १५०० घनमीटर होते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, त्यामुळे वजनही तंतोतंत जुळत होते. १८६९–७० मध्ये क्रमशः छापून आलेल्या या मजकुरात व्हर्नने हिशेब चोख मांडला होता. तो बिघडवला अनुवादकाने.

माझ्या प्रतीवर अनुवादकाचे नावच नाही. वाक्ये ताडून पाहिल्यावर कळले की तो १८७२–७३ मधला लुईस पेज मर्सियर या पाद्र्याचा अनुवाद आहे. मर्सियरने मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळला आणि शेकडो चुका केल्या, हे जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही त्यावर कुणाचा हक्क उरलेला नसल्यामुळे स्वस्त प्रती काढणारे आजही तोच छापतात. पाणबुड्याच्या पोशाखासाठी व्हर्नने वापरलेल्या फ्रेंच शब्दाला मर्सियर ‘बुचाचे जाकीट’ म्हणतो. समुद्राच्या तळाशी चालायला निघालेली माणसे तरंगण्याचे जाकीट घालतात, हे मी महिनोन्‌महिने निमूटपणे वाचत होतो आणि दोष व्हर्नला देत होतो.

आकड्यांची चूक घाईने किंवा अज्ञानाने झाली असेल, असे समजून मी सोडून दिले असते. परंतु दुसऱ्या भागात नेमोच्या खोलीच्या भिंतीवर स्वातंत्र्यासाठी आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांची चित्रे आहेत: पोलंडचा कोशियुश्को, ग्रीसचा बोत्झारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, वॉशिंग्टन, इटलीचा मानिन, लिंकन आणि फासावर गेलेला जॉन ब्राउन. कॅप्टन नेमो कोण आहे आणि तो जगावर का रुसला आहे, याचा सर्वांत मोठा धागा त्या भिंतीवर आहे, आणि मर्सियरने ती सगळी चित्रे गाळून टाकली. आयर्लंडच्या पुढाऱ्याचे चित्र इंग्रज वाचकांना रुचणार नाही, असे त्याला वाटले असावे. ही गाळणूक मला घनतेच्या चुकीपेक्षाही जास्त लागली. कारण पुढे ‘रहस्यमय बेट’ या १८७४–७५ च्या कादंबरीत व्हर्नने नेमोला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर केले, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला. आमच्या उत्तरेला सातपुड्यात एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रजांशी लढले. त्या डोंगराकडे तोंड करून बसलेल्या वाचकासमोर नेमोची भिंत कोरी ठेवायची, हे मला सहन होत नाही. सिलोनजवळ शार्कच्या तावडीतून वाचलेल्या गरीब मोतीपाणबुड्याला नेमो मोत्यांची पिशवी देतो आणि हा माणूस पीडितांच्या देशाचा आहे, मीही त्याच देशाचा आहे, अशा अर्थाचे बोलतो. ते प्रकरण आम्ही वॉल्टरच्या मजकुरातून पुन्हा वाचले तेव्हा गुरुजी बराच वेळ गप्प होते.

व्हर्नच्या स्वतःच्या चुका मात्र त्याच्याच खात्यावर राहतील. ‘सार्गासो समुद्र’ या प्रकरणात नॉटिलस १६,००० मीटर खोल जाते आणि कवचावर १६०० वातावरणांचा, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या १६०० पट, दाब येतो. दर १० मीटरला एक वातावरण, हा हिशेब बरोबर आहे; पण पृथ्वीवर इतका खोल समुद्रच नाही, सर्वांत खोल जागा सुमारे ११ किलोमीटर आहे. शिवाय आमच्या मोटारीच्या पोटात आम्ही स्वच्छ पाणी भरतो, त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहतो आणि खोलीचे भय उरत नाही. नॉटिलसच्या पोटात हवा आहे, म्हणून सगळा भार एकट्या कवचाने सोसायचा. त्याच्या काळी समुद्राची सर्वांत जास्त खोली कुणी नीट मोजलेली नव्हती, हे लक्षात घेऊन मी ही चूक मनावर घेत नाही.

आमच्या बैठकीत मते जुळली नाहीत. गुरुजींना माशांच्या लांबलचक याद्या कंटाळवाण्या वाटतात आणि मर्सियरने त्या छाटल्या हे बरेच केले, असे ते म्हणतात. मला ते पटत नाही, कारण कोन्सेयचे सारे वेड त्या वर्गीकरणातच आहे. भाच्याला नेड लँड पटतो, कारण बाराशे नव्हे तर बारा हजार पुस्तकांचे ग्रंथालय मिळाले तरी कैद ती कैदच. काकांना सोडियमच्या बॅटऱ्यांतून वीज काढण्याचा भाग सर्वांत आवडला. शीर्षकातले वीस हजार लीग ही खोली नसून प्रवासाचे अंतर आहे, चार किलोमीटरच्या लीगने ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या, हे मात्र चौघांनाही पहिल्यांदाच नीट उमगले.

कुणी इंग्रजी प्रत घेणार असेल तर अनुवादकाचे नाव नसलेली घेऊ नये. नाव नसेल आणि प्रत हातात असेल तर तेरावे प्रकरण उघडून पोलादाचा आकडा पाहावा, एवढी परीक्षा पुरते. खर्च करायचा नसेल तर वॉल्टरचा मजकूर विनामूल्य आहेच. आम्ही उरलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढून दोऱ्याने शिवून घेतल्या. त्यांना प्रतीपेक्षा कमी पैसे लागले आणि जूनपर्यंत एकही पान सुटलेले नाही. जुनी प्रत मी टाकली नाही. तेराव्या प्रकरणात ०.०७ खोडून पेन्सिलने ७.८ लिहिले आहे, आणि नेमोच्या खोलीच्या पानावर समासात भाच्याने ती सात नावे एकाखाली एक लिहून ठेवली आहेत.