पॉइंट शूज : खळीचे की प्लॅस्टिकचे?

बॅलेत बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचताना घालायचे ते पॉइंट शूज. बोटं ठणकतात म्हणून ते बदलायचे, पण कुठले? लंडनच्या फ्रीड कंपनीसारखे पारंपरिक, की 1993 पासून मिळणारे गेनर मिंडेन कंपनीचे?

फ्रीडचा बॉक्स (बोटांभोवतीचा पुढचा कडक भाग) म्हणजे कापड, कागद आणि खळीचे थर. ऊब आणि घामाने तो मऊ होतो, पायाचा आकार घेतो. आणि त्यातूनच मरतो. मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोडी संपते. बॉक्स ढिला पडला की चवडा आत घसरतो आणि सगळं वजन अंगठ्याच्या टोकावर येतं. नखं काळी पडतात ती इथे.

गेनरचा बॉक्स आणि शँक (तळव्याला आधार देणारी कडक पट्टी) इलॅस्टोमरचा, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा, आतून फोम. घामाने मऊ पडत नाही, उडीचा आवाजही कमी. साटीन आधी फाटतं, शँक शाबूत राहतो. जोडी महाग, तरी महिन्याचा हिशेब बहुधा स्वस्त पडतो. मात्र हा बॉक्स आपणहून पायाला जुळत नाही. माप चुकलं तर चुकलेलंच राहतं. हे शूज वाकवून, ठोकून मऊ करायचे नसतात.

दोन्हींत कसोटी एकच: वजन बॉक्सच्या भिंतींनी चवड्याभोवती पेलावं. प्लिएमध्ये (गुडघे वाकवल्यावर) बोटं टोकाला टेकावीत, पण दुमडू नयेत. फोमवर विसंबून सैल जोडी घेणं सर्वांत वाईट.

रोज तासन् तास सराव आणि खूप घाम असेल तर गेनर. पाय वेडावाकडा, शूज स्वतः कापून-शिवून घ्यायची सवय असेल तर खळीचे. पहिलीच जोडी असेल तर शिक्षिकेला विचारा; काही जणी वर्गात गेनर चालवून घेत नाहीत.