‘वाचक वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला मी ८५,८०० रुपये दिले, तुम्ही देऊ नका

ज्यांचं स्वतःचं ईमेल न्यूजलेटर आहे, किंवा ज्यांच्या डोक्यात सुरू करायचा विचार घोळतोय, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. स्वतःला ‘ग्रोथ पार्टनर’ म्हणवणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून तीन हप्त्यांत ८५,८०० रुपये उकळले. त्यातले ५,००० त्याने मधेच परत केले, आणि त्या पाच हजारांनीच माझा घात केला.

मी केळीवर लिहितो. रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव, करपा आणि सीएमव्ही हे केळीवरचे रोग, निर्यातीच्या मालाची प्रत, फळपीक विम्याचा कमी तापमानाचा निकष आपल्या महसूल मंडळात लागला की नाही, असं सगळं दर शुक्रवारी. वाचक १,१४०. त्यातले ८३ जण वर्षाला ४९९ रुपये देतात, म्हणजे ४१,४१७ रुपये. दरमहा थोडे थोडे घेता आले असते तर आणखी लोक आले असते, पण कार्डावरून आपोआप पैसे कापायचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाला ते सांभाळणं जमत नाही. म्हणून वर्षाचे एकदम, यूपीआयने. त्यात मेल पाठवण्याची फी, इंटरनेट आणि बाजार समित्यांच्या चकरा भागतात, माझी मजुरी सुटत नाही. प्रायोजक मिळाला असता तर सुटली असती. याला कुणाला हाव म्हणायचं असेल तर म्हणा. मी चार वर्षं फुकट राबलो आहे.

त्या ‘ग्रोथ पार्टनर’चा फोन आला तो अहिराणीत. “भाऊ, मी बी आपलाच शे, धुळ्याकडला.” माझे जुने अंक त्याने खरंच वाचले होते, त्यातली वाक्यं म्हणून दाखवली. बोलणं पक्कं झालं: वाचकामागे १२ रुपये, ३,००० वाचक, ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,४८०. रीतसर बिल आलं, त्यावर २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर. २७ म्हणजे महाराष्ट्र, एवढं मलाही कळतं. नंबर खराही होता, फक्त दुसऱ्याचा होता. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही फुकट तपासता येतो, तिथे तो एका हार्डवेअरच्या दुकानाच्या नावावर निघाला. बिलावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

नंतर म्हणाला, ठिबकचं साहित्य विकणारी एक कंपनी अंकामागे २५,००० द्यायला तयार आहे, पण त्यांना यादी पाच हजारांच्या वर हवी. त्याच संध्याकाळी ‘कंपनीचा ॲडव्हान्स’ म्हणून ५,००० माझ्या खात्यात पडले. पैसे आल्यावर कोण शंका घेतो? आणखी २,००० वाचकांचे २८,३२० मी भरले. मग करारापोटी परत मिळणारं डिपॉझिट म्हणून १५,०००. डिपॉझिट गेलं आणि फोन बंद झाला.

आता ती जागा सांगतो, जी आठवली की अजून डोकं फिरतं. काम सुरू करण्याआधी तो म्हणाला, “भाऊ, ती कन्फर्मेशनची मेल बंद करा. त्या एका क्लिकपायी अर्धे लोक गळतात.” माझ्याकडे नाव नोंदवलं की आधी एक मेल जाते, ‘हे तुम्हीच ना, इथे दाबा’. दाबल्याशिवाय माणूस यादीत येत नाही. चार वर्षं तीच माझी राखण होती, आणि ती काढायला सांगणारा माणूस मी घरातला समजत होतो. त्याचं म्हणणं अर्धं खरंही आहे, काही लोक गळतातच, मोठमोठे न्यूजलेटरवालेही ती पायरी काढून टाकतात. म्हणून पटलं. पण वाचकामागे पैसे घेणारा माणूस ती पायरी काढायला सांगतो, त्याचा अर्थ एकच: त्याच्या यादीत दाबणारं कुणीच नाही.

आणि मग ती यादी. मी ती तारखेने नाही, नोंदणीच्या वेळेने लावून पाहिली. सगळी नावं रात्री दोन ते अडीचच्या दरम्यानची. एका मिनिटात दहा, पुढच्या मिनिटात दहा, त्याच्या पुढच्या मिनिटात पुन्हा दहा. पत्ते सगळे एकाच घडणीचे, एक नाव आणि पुढे चार आकडे. विचारलं तर म्हणे, हे आखातातले आपले लोक, तिकडची वेळ वेगळी. इथे रात्रीचे अडीच वाजतात तेव्हा दुबईत एक वाजलेला असतो! एवढा हिशोब मला त्या वेळी सुचायला हवा होता. त्याहून ठळक गोष्ट समोर होती. केळीचं पत्र, तीन हजार नवे वाचक, आणि त्यात पाटील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. महाजन नाही, चौधरी नाही, सोनवणे नाही, कोळी नाही, पावरा नाही. खान्देशात लग्नाची पत्रिकासुद्धा इतक्या कमी पाटलांत छापून होत नाही.

मी का थांबलो नाही? कारण आकडे छान दिसत होते. पुढचा अंक गेला तेव्हा उघडण्याचं प्रमाण ७१ टक्के, एरवी माझं ४६ असतं. मेल उघडली हे मोजलं जातं ते आत दडवलेल्या एका बारक्या चित्रावरून, आणि ते चित्र यंत्रही उघडतं. ॲपलची मेल तर २०२१ पासून ते स्वतःच आधी उतरवून ठेवते. तेव्हा उघडण्याच्या टक्क्यांवर भाळू नका, उत्तरं मोजा. दर अंकाच्या शेवटी मी विचारतो, ‘तुमच्याकडे आज काय भाव?’ नेहमीच्या लोकांनी लिहिलं. नव्या तीन हजारांतून एकही ओळ आली नाही.

पैशांपेक्षा मोठं नुकसान पुढे झालं. त्या पत्त्यांतले कित्येक बंद होते, मेल परत आल्या. काही खऱ्या माणसांचे होते, ज्यांनी माझं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी मला स्पॅममध्ये टाकलं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम आहे, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर जाता कामा नयेत, म्हणजे हजारात तीन. मी कितीतरी पुढे गेलो. मेल पाठवणाऱ्या सेवेने माझं खातं गोठवलं, त्यांच्या अटींत विकतची यादी चालत नाही हे लिहिलेलंच असतं. वर वाचकसंख्येनुसार फी असल्याने त्या मुर्दाड पत्त्यांचं जादा भाडंही मीच भरलं. ४९९ देणाऱ्या माणसांना माझा अंक स्पॅममध्ये शोधावा लागला. ऐन थंडीत, विम्याचे आकडे द्यायचे तेव्हा.

आता सरकारी यंत्रणेचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, ‘स्थानिक ठाण्यात जा’ सांगितलं. ठाण्यात पहिला प्रश्न, “पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक कशी? हा देण्याघेण्याचा वाद, कोर्टात जा.” न्यूजलेटर म्हणजे काय हे समजावण्यात माझा घसा कोरडा पडला. “ईमेलचे पत्ते विकत घेतले? म्हणजे तुम्हीच काहीतरी लफडं केलंय,” हे ऐकून घ्यावं लागलं, समोर गावातले चार जण बसलेले असताना. जिल्ह्याच्या सायबर ठाण्याने तालुक्याला पाठवलं, तालुक्याने पुन्हा सायबरला. रक्कम लहान आहे म्हणे! माझ्या दोन वर्षांच्या वर्गणीपेक्षा मोठी रक्कम यांना लहान वाटते. बँकेत सांगितलं, पिन तुम्ही टाकला, आमची जबाबदारी नाही. बरं, नाही तर नाही, पण ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हणून मी त्याच दिवशी लेखी दिलं होतं, त्याची पोच द्यायलाही साहेब जागेवर नव्हते. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर माझी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. दुसऱ्याच्या जीएसटी नंबरावर खोटी बिलं फाडणारा माणूस मोकळा, आणि जबाब माझे चाललेत.

ठाण्याने परत पाठवलं तर तोंडी वाद घालत बसू नका. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसते, भलत्याचंच सोंग घेऊन ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. गुन्हा नोंदवून घेत नाहीत तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते, आणि तिथेही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, अमळनेरच्या एका वकील मित्राने सांगितलं. माझी तक्रार रजिस्टर पोस्टाने गेली आहे.

कन्फर्मेशनची मेल मी पुन्हा चालू केली. बाहेरून आलेले सगळे पत्ते उडवले. वर्गणीदारांना एकेक करून फोन लावतोय, अंक स्पॅममधून काढा म्हणून. तुमच्याकडेही असा ‘आपला माणूस’ आला असेल तर प्रायोजक कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन लावा, त्याने दिलेल्या नंबरावर नाही. पैसे आधी मागितले की बोलणं तिथेच तोडा, खरा प्रायोजक पैसे देतो, डिपॉझिट मागत नाही. आणि पैसे गेलेच असतील तर १९३० ला पहिल्या तासात फोन करा, रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत. त्याच्याशी भांडायच्या आधी सगळं व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मी आधी मेसेजवर भांडलो, आणि तेवढ्यात त्याने डिपॉझिटचे सगळे मेसेज माझ्याही फोनमधून पुसून टाकले.