रत्नागिरीतले जुन्या पुस्तकांचे दुकान आणि तॉकव्हिलचे दोन खंड

पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीतल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून मी एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तॉकव्हिल याच्या, अमेरिकेतल्या लोकशाहीवरच्या ‘डेमॉक्रसी इन अमेरिका’ या ग्रंथाचे दोन्ही खंड इंग्रजी अनुवादात २५० रुपयांना घेतले. दुकानदार काकांनी डांबरगोळ्या घालून पुस्तके ठेवली असली, तरी खाऱ्या हवेने दुसऱ्या खंडाची पाने फुगली आहेत आणि पुठ्ठ्याच्या कडा कसरीने कुरतडल्या आहेत. ‘प्रत उत्तम’ हे त्यांचे म्हणणे त्यामुळे निम्मेच खरे ठरले.

मजकुराबद्दल मात्र तक्रार नाही. १८३१ मध्ये पंचविशीतला हा न्यायखात्यातला फ्रेंच उमराव मित्र बोमोंसह अमेरिकेला गेला तो तुरुंगांच्या पाहणीचे निमित्त घेऊन, आणि १८३३ मध्ये दोघांनी तो अहवाल प्रसिद्धही केला. परंतु फ्रान्समधल्या १८३० च्या क्रांतीनंतर, घराणे जुन्या राजाच्या बाजूचे असूनही, नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागल्याने त्याची मायदेशी झालेली कोंडी लक्षात घेतली, की हा प्रवास केवळ कैद्यांसाठी नव्हता, हे उमगते. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या गावसभांचे तो मन लावून वर्णन करतो (वाचताना आमच्या ग्रामसभेतले रिकामे बाक आठवले), पण बोलत असतो फ्रेंच वाचकाशी, ज्याला समता अटळ आहे हे पटवून तिच्यासोबत स्वातंत्र्य कसे टिकवावे हे सांगायचे आहे. १८४० च्या दुसऱ्या खंडात तर अमेरिका बरीच मागे पडते आणि विवेचन काहीसे कोरडे होते.

फुगलेला खंड बदलून देण्यास काकांनी नकार दिला, पण पुढच्या खरेदीत ५० रुपये वळते करून घेण्याचे कबूल केले आहे.