हमीपत्र गेलं, नोंद झालीच नाही: ब्रॅडी हाऊसची फसवणूक आणि तुमच्या पतसंस्थेचं दप्तर

मुंबईत फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊसमध्ये पंजाब नॅशनल बँकेची शाखा होती. जानेवारी २०१८मध्ये नीरव मोदीशी संबंधित हिरे कंपन्यांनी तिथे परदेशी पुरवठादारांची देणी भागवण्यासाठी हमीपत्रं मागितली. टेबलावर नवा अधिकारी होता. त्याने शंभर टक्के रोख मार्जिन, म्हणजे हमीच्या रकमेइतके पैसे आधीच तारण म्हणून, मागितलं. कंपन्यांचं म्हणणं पडलं की आजवर मार्जिनशिवायच काम होत आलंय. मग जुन्या नोंदी शोधल्या गेल्या, आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्या हमीपत्रांचा मागमूसही नव्हता.

सीबीआयकडे गेलेली पहिली तक्रार ८ हमीपत्रांची, सुमारे २८० कोटी रुपयांची होती. १४ फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा ११,४०० कोटींच्या घरात होता. पुढे तो १३,००० कोटींच्या वर गेला.

कुलूप फोडलं नाही, बाहेरून संगणकात कुणी शिरलं नाही, तरी एवढी रक्कम कशी गेली, हे नीट समजून घ्यायला हवं. ‘आमच्या ग्राहकाला पैसे द्या, त्याने बुडवले तर आम्ही भरू’ असं हे हमीपत्र. ते स्विफ्ट या संदेश-यंत्रणेतून दुसऱ्या भारतीय बँकेच्या परदेशी शाखेला जायचं. ती शाखा पंजाब नॅशनल बँकेच्या नॉस्ट्रो खात्यात (परदेशी बँकेत तिथल्या चलनात ठेवलेल्या खात्यात) डॉलर जमा करायची आणि तिथून पुरवठादाराला रक्कम जायची. संदेश स्विफ्टमध्ये, हिशेब फिनॅकल या बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत. या दोन्ही यंत्रणा जोडलेल्या नव्हत्या. एकीकडे संदेश पाठवल्यावर दुसरीकडे माणसाने हाताने नोंद करायची होती, आणि ती केलीच गेली नाही.

एक नोंद गाळल्यावर काय काय झाकलं जातं बघा. ग्राहकाची कर्जमर्यादा तपासली जात नाही. कमिशनची वसुली दिसत नाही. बँकेच्या संभाव्य देण्यांत ती रक्कम येत नाही. हिशेब तपासनीस फिनॅकलमधून काढलेली यादी बघतो, आणि ती यादी निर्मळ असते. जे लिहिलंच नाही ते लिहिलेल्या कागदांत सापडणार नाही. म्हणूनच आमचा आग्रह एकाच गोष्टीवर आहे: एका व्यवहाराच्या दोन ठिकाणच्या नोंदी रोज जुळवायच्या, आणि जुळवणारा माणूस त्या दोन्ही नोंदींपैकी एकही करणारा नसावा. स्विफ्टमधून गेलेले संदेश आणि नॉस्ट्रो खात्याचा उतारा घेऊन फिनॅकलशी ताडून बघणारा असा एक जण तिथे असता, तर पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती.

दुसरी खूण मुदतीची. हिरे-रत्नांच्या आयातीसाठी उधारीची मुदत ९० दिवसांची. इथे हमी वर्षभराची दिली जात होती. जुनी हमी पिकली की ती व्याजासह भागवायला नवी, मोठी हमी. अशी साखळी कुणीतरी सतत सांभाळावी लागते. ज्या उपव्यवस्थापकावर मुख्य आरोप आहे तो २०१० पासून मे २०१७मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर होता. तो गेल्यावर आठ महिन्यांत सगळं उघडं पडलं. रजा न घेणारा, टेबल न सोडणारा कर्मचारी आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो. कौतुक जरूर करा, पण त्याला रजेवर पाठवा.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. मार्च २०१८मध्ये ही हमीपत्रं बंदच झाली, आणि मार्च २०१९मध्ये स्विफ्टविषयक सूचना वेळेत न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला. २०२१च्या परिपत्रकानुसार बँकांमध्ये संवेदनशील जागेवरच्या माणसाला दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस, आधी न सांगता, रजेवर पाठवावं लागतं. त्या काळात अंतर्गत ईमेल सोडून कामाची कोणतीही यंत्रणा त्याच्या हाती राहत नाही. ‘आधी न सांगता’ हे महत्त्वाचं आहे, कारण सांगून दिलेल्या रजेआधी साखळी झाकून ठेवता येते.

आता पतसंस्था. इथे स्विफ्ट नसतं, पण दोन नोंदी असतातच. पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणारा, खातेदाराच्या पुस्तकात १०० रुपये लिहितो आणि मशीनमध्ये ५०. तपासणीसाठी एजंटलाच पुस्तकं आणायला सांगितलं तर तो चोख पुस्तकंच आणणार. म्हणून दुसऱ्या शाखेच्या माणसाने २० खाती स्वतः निवडावीत, दुकानात जाऊन पुस्तक बघावं आणि जागेवरच शिल्लक जुळवावी.

ठेवपावतीतही हेच. कोऱ्या पावत्यांचे अनुक्रमांक रजिस्टरला चढवा आणि वापरलेल्या, रद्द व शिल्लक पावत्या महिन्याला मोजा. पावती खातेदाराच्या हातात आणि संगणकात ठेव नाही, असं व्हायला एकच गहाळ पावती पुरते. ठेवीदारांनी पावती मिळाल्यावर त्या दिवशीच दुसऱ्या खिडकीवर खात्याचा उतारा मागावा. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकांसारखं ५ लाखांचं विमा कवच नाही, हे विसरू नये.

सोनेतारणात पिशव्या मोजून भागत नाही. सील क्रमांक आणि पिशवीसकट वजन रजिस्टरशी जुळवा, आणि काही पिशव्या उघडून ज्याने मूळ मूल्यांकन केलं नाही अशा सराफाकडून दागिने तपासून घ्या. जाड मुलाम्यापुढे कसोटीचा दगड फसतो. शंका आली तर कर्जदाराच्या लेखी संमतीने दागिना आतपर्यंत तपासावा लागतो.

निष्क्रिय खात्याचा मोबाइल क्रमांक बदलला आणि चार दिवसांत पैसे निघाले, तर ते आतल्या माणसाचं काम असण्याची दाट शक्यता असते. क्रमांक बदलला की जुन्या क्रमांकावरही एसएमएस जायला हवा, आणि अशा खात्यांची यादी आठवड्याला संचालकांपुढे. उचंत खात्यात (ज्यांचा खुलासा व्हायचा आहे अशा रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात) ३० दिवसांहून जुनी रक्कम दिसली तर तिचं कारण लेखी मागा.

पासवर्डबद्दल कठोर राहा. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हा नियम सगळीकडे कागदावर असतो. पण मॅनेजर बाहेर जाताना पासवर्ड चिठ्ठीवर देऊन जातो आणि दोन सह्या एकाच हाताच्या होतात. मॅनेजर रजेवर असेल तर पर्यायी आयडी मुख्य कार्यालयाने द्यावा. निवृत्तांचा किंवा बदली झालेल्यांचा आयडी त्याच संध्याकाळी बंद व्हावा.

रोकड तपासणी अचानक, आणि सगळ्या शाखांत एकाच वेळी. नाहीतर एकाच रकमेची गाठोडी दोन तिजोऱ्यांत मोजली जातात. बंडलाच्या वरच्या-खालच्या नोटा बघून पुढे जाऊ नका, बंडलं सोडा.

एवढं करूनही काही सापडलं, तर पहिल्याच तासात त्या माणसाला बोलावून जाब विचारू नका. आधी त्याचा आयडी गोठवा, प्रणालीतल्या लॉगची (कुणी कधी काय केलं त्या आपोआप होणाऱ्या नोंदीची) प्रत काढा, रजिस्टरं सील करा आणि सीसीटीव्हीचं चित्रण वेगळं साठवा, कारण अनेक ठिकाणी ते महिनाभरातच पुसलं जातं. ‘आठ दिवसांत भरून देतो’ हे ऐकून संचालक थांबतात आणि तेवढ्यात कागद नाहीसे होतात. रक्कम परत केली तरी गुन्हा पुसला जात नाही. नोकराने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(४) लागतं. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी संचालकांवरही येऊ शकते, तेव्हा तक्रार कोणत्या तारखेला, काय कागद जोडून दिली, याची पोच तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.