रत्नागिरीहून खाडी, कासवं आणि सडा: गणपतीपासून मेपर्यंतचा अनुभव

आधी निकालच सांगतो. बुकिंग घेताना जो भरती-ओहोटीचा विषय काढत नाही, त्याच्याकडून खाडीची सहल घेऊ नका. घर रत्नागिरीत आणि पाहुण्यांची ये-जा कायमची, त्यामुळे गणपतीनंतर सुरू झालेलं हे फिरणं पार मेपर्यंत चाललं. कधी पॅकेज घेतलं, कधी थेट होडीवाल्याला फोन केला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शहरातलं लगेच उरकतो. रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, मत्स्यालय एका दिवसात होतं, रिक्षा पुरते. थिबा पॅलेसला तेवढा वेळ द्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० च्या सुमारास उभा राहिला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. पॅकेजवाले तिथे वीस मिनिटं देतात, त्यात सेल्फीच होतात.

आता वाशिष्ठी नदीतल्या मगरी. चिपळूणची ही सफर पहिल्यांदा पॅकेजमध्ये घेतली, तीही भर दुपारी. पाणी खारफुटीच्या फांद्यांना टेकलेलं. बगळे आणि खंड्या बघून परत आलो. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘साहेब, जंगली जनावर, नशिबाचा भाग.’ नशीब कसलं? मगर थंड रक्ताची. अंग तापवायला तिला उन्हातला चिखल लागतो आणि तो चिखल उघडा पडतो ओहोटीला. भरतीच्या वेळी नेलंत तर ती दिसणार कुठून?

नंतर चिपळूणच्याच एका होडीवाल्याला फोन केला. त्याने तारीख नाही, तिथी विचारली. ‘पंचमी ना? पावणेचारला भरतं. सकाळी दहाच्या आत-बाहेर सुकती (ओहोटी) लागेल, आपल्याकडे वर यायला पाणी अजून वेळ घेतं. निवांत नाश्ता करून या.’ तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब. तो खाडीच्या तोंडाशी, म्हणजे दाभोळला, लागू पडतो. दाभोळपासून इतक्या आत घड्याळ पुढे सरकतं, हे त्याला तोंडपाठ होतं. पौषातलं ऊन, दोन्ही काठांना ओला चिखल, त्यावर उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे. एका वळणावर त्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी लोटली. समोर मोठी मगर जबडा उघडा टाकून पडलेली, मागे चिखलात शेपटीची ताजी रेघ. होडी जवळ जात नव्हती, मगर हलत नव्हती. पाहुण्यांमधल्या काकू पहिल्यांदाच गप्प बसलेल्या पाहिल्या.

कासवांसाठी वेळास आणि आंजर्ले दोन्हीकडे गेलो. ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालते, एका घरट्यात शंभराच्या आसपास. कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला ती अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. पिल्लं बाहेर यायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, वाळू किती तापली त्यावर थोडं मागे-पुढे. त्यामुळे ‘पिल्लं शंभर टक्के दिसणार’ असं छापणारा खोटं बोलतो. पहाटे आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलतात. खाली कधी दहा-वीस पिल्लं, कधी नुसती वाळू. गावात दोन रात्री काढल्या तर निराश होण्याची शक्यता बरीच कमी होते, शिवाय घरगुती जेवण मिळतं. पिल्लांना पाण्यात का टाकत नाहीत, असं एका ताईंनी विचारलं. ती स्वतःच्या पायांनी चालत गेलीच पाहिजेत, म्हणून थोडं अलीकडे सोडतात. फ्लॅश मारणाऱ्यांना गावकरी झापतात, आणि झापावंच.

डॉल्फिन सफरींना माझे गुण शून्य. दिसतात, प्रश्न तो नाही. चार-चार होड्या एकाच कळपामागे सुसाट लावायच्या आणि पोरांनी शिट्ट्या मारायच्या, हे मला बघवत नाही. वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे, पण होडीवर ते कोण सांगणार? इंजिन मंद ठेवून थांबणारा नाखवा मिळाला तरच जा. तसाही एक भेटला, त्याच्या होडीजवळ डॉल्फिन स्वतःहून आले.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी विकली जाणारी गोष्ट म्हणजे सड्यावरची, जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची, कातळशिल्पं. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू. २०२२ साली ही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. भर दुपारी गेलात तर जांभ्यावर काहीच उठून दिसत नाही. ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा चारनंतर, रेघांत सावली भरते. पावसाळ्यात खाडीच्या सफरी बंद असतात, तेव्हा सडा फुलांनी भरलेला असतो. मात्र कातळ शेवाळाने निसरडा होतो, चपला घालून जाऊ नका.