‘पालकांनी आत यायचं नाही’: थेरपीच्या नावाखाली आम्हाला घातलेली टोपी

केंद्राला टाळं लागलंय, मालकाचा फोन लागत नाही, पण दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या मुलाच्या खात्यातून कर्जाचा हप्ता न चुकता वळता होतो. ज्या थेरपीसाठी हे कर्ज निघालं, ती नातवाला कधी मिळालीच नाही. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांना गाठून अशी पॅकेजं विकणारी ही एकच टोळी नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. केंद्राचं नाव घालत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, आणि ही माणसं पाटी बदलून उद्या दुसऱ्या नावाने बसतील. नावापेक्षा त्यांची रीत ओळखता आली पाहिजे.

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. आम्ही मूळचे कराडकडचे. मुलगा चाकणला कंपनीत, घर मोशीत. नातू तीन वर्षांचा होत आला तरी हाकेला बघायचा नाही, खेळण्यातली गाडी उलटी करून चाकं फिरवत बसायचा, आणि येत होते ते चार-दोन शब्दही बंद झाले. मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांनी आधी कानाची तपासणी करून घेतली, मग त्याला खेळताना बराच वेळ बघितलं, सुनेला ढीगभर प्रश्न विचारले आणि निदान सांगितलं. पुढे काय, तर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी), आणि सगळ्यात जास्त काम घरात, रोजच्या जेवणा-आंघोळीत. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. काही मुलांची चिडचिड फारच असली तर त्यापुरतं औषध देतात. “बोलेल ना?” असं सुनेने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आत्ताच सांगता येणार नाही.”

खऱ्या डॉक्टरला हे वाक्य बोलावंच लागतं, आणि या लोकांचा सगळा धंदा त्याच वाक्यावर चालतो. सुनेने त्या रात्री मोबाइलवर काय काय शोधलं असेल कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवसापासून तिच्या फोनवर जाहिराती सुरू झाल्या. आधी रडणारं पोरगं, मग ‘आई’ म्हणणारं पोरगं, मधे फक्त केंद्राची पाटी. तीन ते चार वर्षांच्या दरम्यान मुलं आपसूकही बरीच बदलतात, ऑटिझम असलेलीसुद्धा. त्या बदलाचं श्रेय पॅकेजला चिकटवायचं, एवढीच त्या व्हिडिओंची करामत.

केंद्र झकपक. एसी, भिंतीवर जिराफ, काउंटरवर गोड बोलणारी मुलगी. आधी ‘ब्रेन मॅपिंग’ झालं. पोराच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, तो ओरडून लाल झाला, आणि थोड्या वेळाने मेंदूचं रंगीत चित्र छापून आलं. लाल ठिपक्यांवर पेन टेकवत केंद्राचा मालक म्हणाला, “हे ब्लॉकेज. सहा महिन्यांत मोकळं करतो, लेखी देतो.” ऑटिझमचं निदान अशा चित्रावरून होत नाही, रक्त तपासूनही होत नाही. मुलाचं वागणं बघून आणि घरच्यांशी बोलूनच होतं. सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरतात ती ‘आयसा’ ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टीही ४० मुद्द्यांची आहे, आणि ती भरताना समोर मूल आणि आईबाप लागतात, टोपी लागत नाही.

पॅकेज १,८०,००० रुपयांचं. “एवढे एकदम कुठून आणणार?” म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने मुलाचा फोन मागितला, आधार-पॅन घातलं, दोन ओटीपी विचारले आणि “नो कॉस्ट ईएमआय झाला सर” म्हणून पेढा पुढे केला. मुलाला वाटलं केंद्रालाच महिन्याला पैसे द्यायचेत. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने त्याच्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम त्याच दिवशी केंद्राच्या खात्यात टाकली होती. गोम इथेच आहे. केंद्राला पैसे आधीच पूर्ण पोचलेले, मग पोर शिकलं काय न शिकलं काय, त्यांचं काय जातंय?

पहिल्याच दिवशी सांगितलं, पालकांनी आत यायचं नाही. कारण तयार होतंच: आई समोर असली की मूल लाडात येतं. सून बाहेर बाकावर बसायची, आतून पोराचं रडणं यायचं, नंतर नंतर तेही यायचं बंद झालं. मालक म्हणाला, “बघा, सेटल झाला.” आत काय चालायचं ते मला पुढे कळलं. तिथे काम करून सोडून गेलेली एक मुलगी भोसरीच्या बसस्टॉपवर भेटली. नातवाला ओळखून तिनेच हात केला. बी.कॉम. झालेली. आठवडाभराच्या ट्रेनिंगवर तिला ‘थेरपिस्ट’ केलेलं. “आजोबा, पोरं फार रडायला लागली की टॅबवर गाणी लावून द्यायचो. सर म्हणायचे, बाहेर आवाज जाता कामा नये.” तिच्यावर माझा राग नाही. बारा हजारांवर राबणारी पोर ती.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा, गुळगुळीत कागदावर. ‘आय कॉन्टॅक्ट ६५ टक्के, कम्युनिकेशन ४० टक्के.’ आयुष्यभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, लिहिलेला माणूस मी. रकाना दिसला की बेरीज लावून बघायची सवय जात नाही. मी विचारलं, पासष्ट टक्के म्हणजे कशातले पासष्ट? किती वेळा हाक मारली, किती वेळा बघितलं? मालक हसला आणि इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलला. पुढच्या रिपोर्टात नातवाचं नाव वर होतं आणि खाली सगळीकडे ‘ती’: ती रंग ओळखते, ती रांगेत उभी राहते. दुसऱ्या कुणाच्या मुलीचा कागद, वरचं नाव तेवढं बदललेलं. विचारल्यावर “टायपिंग मिस्टेक”. मी तो कागद परत दिला नाही. आज आयोगापुढे आमच्याकडचा सगळ्यात वजनदार पुरावा तोच आहे.

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता. तिथे एक गृहस्थ रोज केंद्राची तारीफ करायचे. नंतर कळलं, नवं गिऱ्हाईक आणलं की ५,००० रुपये सूट अशी योजना होती. ज्या बाईने टॅबबद्दल प्रश्न विचारला तिला तासाभरात ग्रुपमधून काढलं.

त्यानंतर केसांची तपासणी. केस कुठल्याशा लॅबला गेले, ‘शरीरात जड धातू’ असा कागद आला, आणि त्यावर लेबल नसलेल्या डब्यांतल्या पावडरी सुरू करा म्हणाले. सुनेने त्या पोराला दिल्या नाहीत, हे फार बरं झालं. शेवटचा गळ सगळ्यात मोठा होता: मुंबईत ‘स्टेम सेल’ (मूळ पेशी) उपचाराचं शिबिर, आगाऊ नोंदणी केल्यास सवलत. कमरेच्या हाडातला मगज (बोन मॅरो) काढायचा, त्यावर प्रक्रिया करायची आणि पाठीच्या मणक्यात टोचायचा. चार वर्षांच्या पोराला भूल देऊन! खर्च काही लाख. आम्ही मूळच्या डॉक्टरांना फोन लावला. शांत स्वभावाचे डॉक्टर, पण त्या दिवशी तापले. त्यांनी सांगितलं ते असं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल मंजूर संशोधन-चाचणीबाहेर (क्लिनिकल ट्रायल) रुग्णाला देणं गैर आहे, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनेही ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असंच म्हटलं. चाचणी असेल तर तिचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ‘संशोधन’ही म्हणायचं आणि बिलही फाडायचं, हे दोन्ही एकत्र आलं की समजायचं काय ते.

आम्ही नाही म्हटल्यावर काही आठवड्यांत सत्रं रद्द व्हायला लागली. आज थेरपिस्ट आजारी, उद्या लाइट नाही. मग शटर खाली. फायनान्स कंपनी म्हणते, करार तुमचा आमच्याशी, केंद्राशी तुमचं काय ते तुम्ही बघा. हप्ता रागाने थांबवावा तर मुलाचा सिबिल बिघडतो, म्हणून भरत भांडतोय. कर्ज देणाऱ्याने सही घेण्याआधी मुख्य अटींचं पत्रक देणं आणि काही मुदत विनादंड माघारीची ठेवणं हे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत आहे. आम्हाला असं पत्रक कुणी दाखवलं नाही. त्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी, आणि तिथे दाद न लागल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे केली आहे. केंद्राविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. कुठून सुरुवात करायची ते कळेना तेव्हा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नीट सांगितलं.

आता थोडं नोंदणीबद्दल, कारण भिंतीवरच्या फ्रेमा बघून आपण गप्प बसतो. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असते. प्रत्येकाला सीआरआर (केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला) क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर तपासता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे असते. क्रमांक मागितल्यावर खरा माणूस चिडत नाही. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हजार रुपयांना कोण भितंय म्हणा!

तरीही फक्त पदवीवरून निवाडा करू नका. गोव्यात ‘संगत’ या संस्थेमार्फत, आणि पाकिस्तानात रावळपिंडीत, एक अभ्यास झाला होता. २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनीच पालकांसोबत काम केलं. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रण करायचं, मग ते दोघींनी मिळून बघायचं, मूल कुठे काही सांगू पाहत होतं ते शोधायचं. मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली, असं त्यात दिसलं. तिथे आई खोलीच्या आत होती, आणि कार्यकर्त्यांवर जाणत्यांची देखरेख होती. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

आता आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्रात जातो. फुकट आहे, गर्दी आहे, तारीख उशिरा मिळते, पंखा आवाज करतो. पण तिथल्या ताईंनी पहिल्या दिवशी सुनेलाच चटईवर बसवलं. साबणाचे फुगे दिले. एकदा फुंकायचं, आणि मग काडी तोंडाजवळ धरून नुसतं थांबायचं. सून थांबली. पोरगं काडीकडे बघतंय, मग तिच्या हाताकडे, मग तिचा हात ओढतंय. ताई हळूच म्हणाल्या, “आत्ता फुंका. त्याने मागितलं.” एवढंच. घरी मटार सोलतानाही तेच: एक दाणा त्याचा, एक तिचा, मधे जरा थांबायचं. माझ्या वाट्याला एसटी आली. दोन खुर्च्या एकामागे एक लावतो, मी ‘टिंग’ म्हणतो आणि गप्प बसतो. दोन घंटा झाल्याशिवाय गाडी हलत नाही हे त्याला आता ठाऊक आहे. दुसरी ‘टिंग’ तो देतो. बोलणं म्हणाल तर अजून फारसं नाही. ताईही ‘सांगता येणार नाही’ असंच म्हणतात.

अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डही (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) आता काढलं. त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घालता येतं, वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यखर्च मिळतो, थेरपीही त्यात धरतात. केंद्राच्या मालकाने या योजनेचा उल्लेखही केला नव्हता, का करेल?

पिंपरी-चिंचवड भागात असंच पॅकेज घेतलेल्यांनी पावत्या, रिपोर्ट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, कर्जाचा करार, काहीही पुसू नये. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. ग्रुपमधून काढलेली ती बाई आणि आणखी काही पालक आमच्यासोबत आले आहेत, आणि ‘ती रांगेत उभी राहते’ हे वाक्य त्यांच्यातल्याही दोघांच्या रिपोर्टात सापडलं आहे.