वळवाच्या प्रकाशात पोलरायझर : दोन उन्हाळ्यांच्या वापरानंतर

फलटणहून दहिवडीकडे जाणारा रस्ता मोगराळे घाट चढून माणदेशात शिरतो आणि मे महिन्यात दुपार कलली की त्या उघड्या माळांवर वळवाचे ढग उभे राहू लागतात. ते टिपण्यासाठी गेले दोन उन्हाळे मी ७७ मिलिमीटर व्यासाचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे बसवून कडी फिरवली की चकाकी कमी-जास्त करणारा काचेचा फिल्टर, वापरत आहे. साडेचार हजार रुपयांना घेतलेला हा फिल्टर मध्यम प्रतीचा म्हणता येईल. पुढचे बहुतेक मुद्दे या प्रकारच्या कोणत्याही फिल्टरला लागू असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही.

पोलरायझर घेणाऱ्यांच्या मनात सहसा गडद निळे आकाश असते. ते मिळते, पण सूर्याशी काटकोनात असलेल्या दिशेलाच. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला कललेला असताना दक्षिणेकडे जाणाऱ्या या रस्त्यावर समोरचे आकाश नेमके त्या कोनात येते, निळा रंग दाटतो आणि ढगाचा पांढराशुभ्र माथा त्यातून उठून दिसतो. मात्र ढगांनी सगळे आकाश व्यापले की त्या करड्या छतावर फिल्टरचा काहीच परिणाम होत नाही. उलट दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) प्रकाश तेवढा वाया जातो. सूर्यासमोर किंवा सूर्याकडे पाठ करून घेतलेल्या आकाशाच्या चित्रांतही फारसा फरक पडत नाही.

माझ्या मते या फिल्टरची खरी किंमत वसूल होते ती सर येऊन गेल्यावर. गेल्या मे महिन्यात घाटमाथ्यापुढे अर्धा तास धो-धो पाऊस पडला आणि पश्चिमेकडून ढगाखालून तिरपे ऊन आले, तेव्हा रस्त्याकडेच्या डाळिंबाच्या बागेतील पान न् पान पाण्याने चकाकत होते, पण कॅमेऱ्यात ती बाग नुसती पांढुरकी दिसत होती. फिल्टरची कडी हळूहळू फिरवली तशी पानांवरची चकाकी उतरत गेली, आतला हिरवा रंग वर आला, आणि बागेमागच्या ओल्या कातळाचा काळा-तांबूस पोत भेगांसकट दिसू लागला. हा बदल संगणकावर नंतर करता येत नाही, कारण चकाकीने झाकलेला रंग चित्रात नोंदलेलाच नसतो. डांबरी रस्त्यावरच्या पाण्याच्या बाबतीत मात्र थोडे थांबून पाहावे. त्यात पडलेले ढगाचे प्रतिबिंब हवे असेल, तर कडी उलट फिरवून ते राखावे लागते.

त्याच संध्याकाळी पूर्वेला इंद्रधनुष्य उमटले. इंद्रधनुष्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि फिल्टर तो कडीच्या स्थितीनुसार जाऊ देतो किंवा अडवतो, त्यामुळे कडी एका स्थितीत असताना कमानीचा माथा ठसठशीत दिसला आणि पाव फेरा दिल्यावर तोच माथा पार नाहीसा झाला. नवीन वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण फिल्टर चुकीच्या स्थितीत राहिला तर समोरचे इंद्रधनुष्य चित्रात येणारच नाही. चोवीस मिलिमीटरपेक्षा कमी नाभीय अंतराच्या, म्हणजे अधिक रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर संपूर्ण कमान एकसारखी उजळत नाही, आणि निळ्या आकाशातही एका बाजूला गडद पट्टा पडतो. अशा वेळी मी फिल्टर काढूनच चित्र घेतो.

आता तक्रारी. सर येण्यापूर्वी जो धुळीचा लोट उठतो, त्यातली बारीक रेती पहिल्याच उन्हाळ्यात फिरत्या कडीत शिरली आणि कडी अडकू लागली. हाताच्या पंपाने हवा मारून ती मोकळी झाली, तरी अजून फिरताना खरखर जाणवते, आणि या किमतीत कडी अधिक घट्ट बसवलेली असायला हवी होती. लेन्सवर हूड (पुढचे छज्जासारखे आवरण) लावला की कडीपर्यंत बोट नीट पोहोचत नाही, आणि हूड काढावा तर थेंब थेट काचेवर येतात. गाडीच्या बाजूच्या बंद काचेतून हा फिल्टर लावून चित्र घेऊ नये. त्या कडक केलेल्या काचेतील ताण जांभळट डागांच्या रूपाने उमटतात.

विजांसाठी हा फिल्टर निरुपयोगी आहे. तिथे प्रकाश हवा असतो, म्हणून तो उतरवून ठेवावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर साधारण किलोमीटरमध्ये कळते. ते दहाच्या आत आले की मी तिपाई आवरून गाडीत बसतो आणि काचा वर करतो. मोकळ्या माळावर उभ्या माणसाने एका चित्रासाठी जीव धोक्यात घालू नये, हे मला येथे मनापासून सांगावेसे वाटते.

ज्यांना पावसानंतरची जमीन टिपायची आहे त्यांनी हा फिल्टर जरूर घ्यावा. ज्यांना फक्त काळे ढग हवे आहेत त्यांनी हे पैसे कॅमेऱ्याच्या चांगल्या रेनकव्हरवर खर्च करावेत. घेताना आपल्याकडील सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्सचे माप धरावे. माझी दुसरी लेन्स ६७ मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर हाच फिल्टर एका स्वस्त स्टेप-अप रिंगने (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या जोडकडीने) व्यवस्थित बसतो.